दाखवायचं पोट

"मावशी, पोट दाखव."

सर असं म्हणाले की मी हातातलं फडकं बादलीत टाकायचे, हात पदराला पुसायचे आणि त्यांच्या टेबलाशेजारी येऊन उभी राहायचे. पदर बाजूला घ्यायचा. निऱ्या दोन बोटं खाली ओढायच्या. समोर खुर्चीत पेशंट बाई. तिच्या शेजारी नवरा. कधी दीर, कधी सासरा. एकदा तर गावचा सरपंच सोबत आला होता. तोही बसला होता पाय पसरून.

सर हातातल्या पेनाच्या टोकानं दाखवायचे. "हा बेंबीतला टाका, हा तर दिसतच नाही. हा दुसरा. हा तिसरा. संपलं. यातून दुर्बीण आत घालायची, टीव्हीवर बघत बघत गर्भाची पिशवी सोडवायची आणि खालून काढून घ्यायची. पोट फाडायचं नाही, काही नाही. आमची ही मावशी आठव्या दिवशी फरशी पुसत होती. विचारा तिला."

मला कुणी काही विचारायचं नाही. बघायचे मात्र सगळे.

एके दिवशी जो नवरा आला तो चष्मा वर करून पुढं वाकला. म्हणाला, "तिसरा काय नीट दिसंना."

सर म्हणाले, "मावशी, अजून जरा खाली घे."

त्याला टाका दिसत होता. मला माहीत आहे, दिसत होता. त्याची बायको जमिनीकडं बघत होती. पेनाचं टोक माझ्या ओटीपोटावर टेकलेलं, गार. भिंतीवर देवाचा फोटो, त्याला ताजा हार. आणि मी निऱ्या अजून खाली घेतल्या. सांगतानासुद्धा मला माझी किळस येते. पण घेतल्या.

मी मूळची कोल्हारकडची. ख्रिस्ती वस्तीतली. पणजोबांनी धर्म बदलला. वस्ती गावाच्या त्याच टोकाला राहिली. नववीपर्यंत शिकले. लग्न होऊन भिंगारला आले. नवरा लष्कराच्या कॅम्पात माळीकामाला, रोजंदारीवर. दोन मुली झाल्या. धाकटी चालायला लागल्यावर मी नगरमधल्या एका खाजगी दवाखान्यात कामाला लागले. दवाखान्याचं नाव इथं सांगत नाही. ज्या कागदावर सांगायचं त्या कागदावर सांगितलंय.

सर पोटाचे डॉक्टर, दुर्बिणीची ऑपरेशनं करणारे. मॅडम त्यांच्या बायको, बायकांच्या डॉक्टर. आणि आम्ही मावश्या. बाहेर मावशी म्हणजे आईची बहीण. तिथं मावशी म्हणजे बेडपॅन, उलटी, रक्ताची चादर. सरांच्या मुलीपेक्षा मी फार तर आठ-दहा वर्षांनी मोठी असेन, पण तीही मला "ए मावशी" म्हणायची. चपला उचलून ठेव म्हणायची.

मी एकतीस वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. अंगावरून पांढरं जायचं. कंबर दुखायची. दिवसभर वाकून फरशी पुसणाऱ्या बाईची कंबर दुखणार नाही तर काय होणार? पण दवाखान्यातच काम करते म्हणून मी मॅडमना दाखवलं. त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र पोटावर फिरवलं. बटण बंद करायच्या आधीच बोलल्या.

"पिशवीला सूज आहे. तोंडाला जखम आहे. आज ना उद्या कॅन्सर होईल. काढून टाकू."

मी घाबरले. कॅन्सर म्हटल्यावर कोण घाबरत नाही? माझ्या डोळ्यांपुढं दोन्ही मुली आल्या.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हा लोकांचं बरं असतं. लवकर लग्न, लवकर मुलं. तुझं काम झालंय, आता तिचं काय करायचंय? सर फुकट करून देतील. तू आपलीच आहेस."

आपलीच. हा शब्द मला तेव्हा गोड लागला होता. त्याच महिन्यात दवाखान्यात दुर्बिणीचं नवं यंत्र आलं होतं. मोठ्या खोक्यातून. त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, नारळाचं सांडलेलं पाणी मी पुसलं. नव्या यंत्रावर सरांचा हात बसायचा होता. हात बसवायला आपलं माणूस लागतं. हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "डाक्टर म्हनत्यात तर आसंलच." आणि सही केली. माझ्या पोटाच्या कागदावर त्याची सही. माझी कुणी मागितली नाही आणि मलाही ते विचित्र वाटलं नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये मी रोज जायचे, पण उभी. आडवी त्या दिवशी गेले. आत सरांसोबत पाच-सहा डॉक्टर बाहेरून आलेले, नवं यंत्र बघायला. सगळे हिरव्या कपड्यांत. मी टेबलावर. वरचा दिवा पोटावर सोडलेला आणि अंगावर अजून चादर घातलेली नाही. मी जागी होते. पूर्ण जागी. चादर मागायला माझं तोंड उघडेना, कारण त्या खोलीत मी कधी काही मागितलंच नव्हतं.

एकानं विचारलं, "पेशंट कोण?"

सर म्हणाले, "आमचीच कामवाली आहे."

तो म्हणाला, "म्हणजे काही झालं तरी घरातल्या घरात."

सगळे हसले. सिस्टरसुद्धा हसली, तोंडाला मास्क होता, पण डोळे हसले. मग माझ्या नाकावर भुलीचा मुखवटा आला. मी मनात प्रार्थना सुरू केली, ती अर्धीच राहिली.

आता ट्रेचं सांगते. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पिशवी काढली की नातेवाइकांना दाखवायची, ही आपल्याकडची पद्धत. दाखवली नाही तर नातेवाईक म्हणतात, काढलीच नाही, आम्हाला फसवलं. म्हणून थिएटरच्या दारात स्टीलचा ट्रे येतो. त्यात ती असते. लाल, ओली, कुठं कापलेली, कुठं काळपट. सिस्टर म्हणते, "बघा, किती खराब झाली होती." नवरा बघतो, तोंड फिरवतो, हात जोडतो. सासू पदर तोंडाला लावते. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढतो. बरं झालं वेळेवर काढली, असं सगळे म्हणतात.

मी तो ट्रे पुढं कित्येक वर्षं उचलला. दारात नेला, परत आणला, धुतला. मी सांगते. प्रत्येक पिशवी तशीच दिसते. सडलेली तशी आणि चांगली तशीच. अंगातून कापून काढलेली कुठलीही गोष्ट तशीच दिसते. रविवारी खाटकाकडं बोकडाची कलेजी तशीच दिसते, आणि ती चांगली असते म्हणूनच आपण विकत घेतो. पण घाबरलेल्या माणसाला ट्रेमध्ये रक्त दिसलं की त्याला रोग दिसतो. सिस्टरनं फक्त एक वाक्य बोलायचं असतं.

आमच्या घरी आता कलेजी शिजत नाही. मुली विचारतात, का. मी सांगत नाही.

माझी पिशवी दाखवली नवऱ्याला. सासूला. शेजारच्या दोघी आल्या होत्या, त्यांना. आणि आमच्या चर्चचे पाळक प्रार्थनेला आले होते, त्यांनाही. "बघा, किती खराब झाली होती." मी आत बेशुद्ध आणि माझ्या शरीराचा आतला भाग बाहेर पाळकसाहेबांपुढं. ते भले माणूस. पण त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलताना जमिनीकडं बघतात.

या ऑपरेशनात पोटात वायू भरतात, पोट फुगवतात, म्हणजे आत बघायला जागा होते. तो वायू नंतर खांद्यात जाऊन बसतो. चार दिवस मला पोटापेक्षा खांदाच जास्त दुखला. आठव्या दिवशी सकाळी फोन आला. दुसरी मावशी आली नाही, तू ये, हलकं काम कर. मी गेले. हलकं काम म्हणजे वरच्या मजल्याची फरशी.

दोन आठवड्यांनी सरांनी पहिल्यांदा केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, पोट दाखव. मला वाटलं टाके तपासायचेत. तपासायचे नव्हते. समोर माणसं बसली होती.

मग ते रोजचंच झालं. दिवसातून एकदा, कधी तीनदा. मी एकदा हिंमत करून बोलले, "सर, बाप्या माणसांपुढं नको वाटतं."

सर चिडले नाहीत. हसले. म्हणाले, "शेतात साड्या वर खोचून काम करताच ना तुम्ही लोक? तेव्हा लाज कुठं जाते?"

माझी आई गुडघाभर चिखलात साडी खोचून ऊस लावायची, ती आठवली. उत्तर सुचायला वर्षं लागली. शेतात आम्ही आमच्या हातानं खोचतो, सर, आणि आमच्या हातानं सोडतो.

एक दिवस मॅडमनी बाजूला घेतलं. मला वाटलं, बाई आहेत, त्यांना कळलं असेल. त्या म्हणाल्या, "मावशी, पोटाला जरा खोबरेल लावत जा. पावडर लावत जा. तो बाळंतपणाच्या वळांचा पट्टा फार वाईट दिसतो. पेशंटला किळस येते."

पेशंटला किळस येते.

पावडरचा डबा आणून दिला. फिनेलच्या बाटल्या ठेवतो त्या फळीवर तो असायचा. मी केबिनमध्ये जाण्याआधी पोटाला पावडर लावायचे. माझ्या दोन मुली ज्या पोटात वाढल्या, त्या पोटाला, त्या माणसांना किळस येऊ नये म्हणून.

वर्षभरात अंगातून जाळ निघायला लागला. जानेवारीच्या थंडीत मी पंखा लावून बसायचे. नवरा चादर घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा. टाच टेकवली की कळ मस्तकात. चिडचिड. बारीकशा गोष्टीवरून मुलींना मारायचे आणि मग रडायचे. मॅडम म्हणाल्या, "वय झालं की होतं." मी तेव्हा बत्तीस वर्षांची.

तरी मी पोट दाखवत होते. सहा वर्षं. किती जणींना दाखवलं ते मोजलं नाही. मोजलं असतं तर झोप आली नसती.

भिंगारच्या बाजारात एकदा मेथी निवडत होते. एका बाईनं दंडाला हात लावला. माझ्यापेक्षा लहान असेल, पण चेहरा उतरलेला, केस विरळ.

"वळखलं का? मी अलका. तुज्या दवाखान्यात आल्ते. तुजं पोट बघितलं म्हनून मी व्हय म्हनाले. आमचे म्हनाले, ती बाई बघ कशी टुकटुकीत हाय."

मला ती आठवत नव्हती. सगळ्यांकडं मी बघतच नव्हते, मी भिंतीकडं बघायचे.

ती जवळ आली. आवाज बारीक केला. "तुला बी आसं हुतं का गं? अंगाचा नुसता वनवा. झोप न्हाई. हाडं ठनकत्यात. जीव नकोसा झालाय."

आणि मी म्हणाले, "न्हाई बाई. मला काय बी न्हाई."

असं का म्हणाले? बाजारात कुणी ऐकेल म्हणून? सरांच्या कानावर जाईल म्हणून? सहा वर्षं जे तोंडात बसलं होतं ते आपोआप बाहेर आलं.

अलका म्हणाली, "मग माज्यातच काय तरी खोट आसंल." कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि गेली.

मी मेथी तिथंच टाकली. घरी आले, मोरीत गेले आणि उलटी केली. दवाखान्यात मला कधी कुणाच्या उलटीची, घाणीची किळस आली नव्हती. त्या दिवशी मला माझ्या जिभेची आली. मला जे झालं ते दुसऱ्यांनी केलं. अलकाशी खोटं मी बोलले. त्यात ना सर होते, ना मॅडम.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई बसायची. तिच्याकडं गेले. तिनं सगळं ऐकून विचारलं, "ताई, पिशवीसोबत अंडाशयं पण काढली का, की ठेवली? ती काढली की असाच जाळ होतो, हाडं झिजतात."

मी म्हणाले, "म्हायीत न्हाई."

"काढलेली पिशवी तपासायला पाठवतात. तिचा रिपोर्ट असतो. तो बघितला?"

"न्हाई."

तिनं कपाळाला हात लावला नाही की मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मागा. तुमचा आहे तो." मला ताई म्हणणारी ती पहिली डॉक्टर.

सरांकडं मागितला. "इतक्या जुन्या फायली राहत नाहीत, मावशी." पण फायलींच्या खोलीची फरशी मीच पुसत होते. कुठल्या कपाटात कुठलं वर्ष ते मला माहीत. रिसेप्शनवर एक पोरगी होती, नवीन, बीएस्सी झालेली. तिला म्हणाले, मला वाचून दाखव. तिनं माझी फाईल काढली. इंग्रजी कागद. दोनदा वाचला. मग चेहरा हसरा करून म्हणाली, "मावशी, घाबरू नका. सगळं चांगलंच लिहिलंय. पिशवीत गाठ नाही, कॅन्सर नाही, कुठलाच रोग नाही. दोन्ही अंडाशयं पाठवली होती, तीही निरोगी आहेत."

पोरीला वाटलं तिनं मला आनंदाची बातमी दिली.

मी म्हणाले, "व्हय गं. समदं चांगलंच हुतं."

मग तिचा चेहरा बदलला. कळलं तिला. तिनं दार लोटून घेतलं आणि माझ्या मोबाईलवर त्या कागदाचा फोटो काढून दिला.

मी लगेच पेटून उठले वगैरे काही नाही. खोटं कशाला सांगू. दोन आठवडे कामावर गेले. फरशी पुसली, ट्रे धुतला. दोनदा पोटही दाखवलं. चुलीपुढं माणूस शूर नसतो. आणि दुर्बीण वाईट आहे असंही मी म्हणत नाही. मी तिथं अशा बायका बघितल्यात की पिशवीत नारळाएवढी गाठ, रक्त थांबत नाही, अंग पांढरंफटक. दुर्बिणीनं काढली आणि तिसऱ्या दिवशी बाई चालत घरी गेली, वर्षभरानं पेढे घेऊन आली. ज्याला गरज त्याला ते वरदान. पण गरज कुणी ठरवायची? सोनोग्राफीचं बटण बंद करायच्या आधीच ज्यांचं ठरलेलं असतं, त्यांनी?

मग ती कोमल आली.

सोनईकडची. चोवीस वर्षांची, दोन लेकरांची आई. सोबत सासू आणि नवरा. बागायतदार घर, सासूच्या हातात पाटल्या. मी पाणी आणलं. सासूनं ग्लास घेतला आणि माझं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं ग्लास टेबलावर ठेवला तो तसाच राहिला.

कोमलला अंगावरून पांढरं जायचं, खाज यायची. सोनोग्राफी झाली. सर म्हणाले, पिशवीला सूज. तोंडाला जखम. आज ना उद्या कॅन्सर. मी कोपऱ्यात फडकं पिळत होते. शब्द न शब्द मला पाठ.

सासू म्हणाली, "काढून टाका. दर म्हैन्याला ही चार दिस भाईर बसती. घरात देवधर्म हाय, गडीमान्सं हायेत. सैपाक कोनी करायचा? एकदाची कटकट जाऊ द्या."

नवरा मोबाईल बघत होता.

कोमल खाली बघून म्हणाली, "मला भ्या वाटतं."

एवढंच. हळू. मी सहा वर्षांपूर्वी त्या टेबलावर चादर मागितली असती, तर ती एवढ्याच हळू.

सर मागं रेलले. हातात पेन घेतलं. "मावशी, पोट दाखव."

"न्हाई दाखवनार."

सरांना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. "काय?"

"न्हाई दाखवनार, सर. आजपासनं न्हाई." मी कोमलकडं वळले. "बाई, माजी पिशवी चांगली हुती. रिपोर्टात लिवलंय, फोटो हाय माज्याकडं. दोन्ही अंडाशयं बी चांगली हुती, ती बी काढली, मला सांगितलं न्हाई. आज मी सदतीस वर्साची हाय आन हाडं साठीची झाल्यात. आठव्या दिशी फरशी पुसत हुते, हे सर समद्यांना सांगत्यात ते खरं हाय. फोन करून बोलावलं म्हनून पुसत हुते. आदी दुसऱ्या डाक्टरला दाखव. मग काय करायचं ते कर."

सर उभे राहिले. "लायकी बघून बोल. झाडूवाली बाई मला ऑपरेशन शिकवणार?"

"आप्रेशन न्हाई शिकवत. माज्या पोटाचं मी सांगतीय."

आवाज ऐकून मॅडम आल्या. "हिला बाहेर काढा. डोक्यावर परिणाम झालाय हिच्या. पाळी गेल्यावर होतं असं." पाळी कुणी घालवली ते मात्र त्या बोलल्या नाहीत.

सासू म्हणाली, "ही कोन आमाला सांगनारी? हिच्या हातचं पानी बी मी घेतलं न्हाई."

तेवढ्यात खुर्ची सरकली. कोमल उभी होती. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "आत्याबाई, मला न्हाई काढायची."

"खाली बस."

"न्हाई काढायची म्हंजी न्हाई. पोट माजं हाय." हे ती नवऱ्याकडं बघून बोलली. नवऱ्यानं मोबाईल खिशात घातला. आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. म्हणाला, "चल मग." त्याच्यात काही फार मोठं शहाणपण नव्हतं. त्याला तिथून निघायचं होतं. पण निघाला.

मी फडकं बादलीत टाकलं आणि त्यांच्या मागं बाहेर पडले. पायऱ्यांवर कोमलला त्या सरकारी डॉक्टरबाईचा पत्ता सांगितला. तिथं नवरा-बायको दोघांनाही गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ते थांबलं, असा कोमलचा फोन आला. घरात सासू अजून तिला चार दिवस बाहेर बसवते. ते काही गोळ्यांनी थांबत नाही.

आठवडाभरानं दवाखान्याचा मॅनेजर घरी आला. सोबत टाईप केलेला कागद. ऑपरेशन माझ्या मर्जीनं झालं, अंडाशयं काढायचं मला आधी सांगितलं होतं आणि केबिनमध्ये मी जे बोलले ते गैरसमजातून, त्याबद्दल मी माफी मागते. सही केली तर कामावर परत. नवरा म्हणाला, "कर की. चूल पेटली पायजे." मी त्याच्याकडं बघितलं. म्हणाले, "मागच्या कागदावर तू केलीस. ह्याच्यावर मी करायची का न्हाई ते मी ठरवीन." मॅनेजरच्या हातात कागद तसाच परत दिला. 

मग अलकाचं घर शोधलं. तीन गल्ल्या फिरले. ती भाकरी थापत होती. मी उंबऱ्याशी उभी राहूनच बोलले. "बाजारात मी तुज्याशी खोटं बोलले. मला बी सगळं तसंच हुतं. तुज्यात काय खोट न्हाई. माजं पोट दाखवून तुला फसवलं आन त्यात मी हुते."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. जळाल्याचा वास आला.

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

"भ्याले."

"आन आता?"

"आता बी भेते."

तिनं मला आत ये म्हटलं नाही. रडलीही नाही. म्हणाली, "माज्या नवऱ्यानं ट्रे बघून हात जोडले गं." आणि दार लावून घेतलं. चार दिवसांनी ती स्वतः माझ्याकडं आली, तिचे कागद घेऊन. त्यात पिशवीचा रिपोर्ट नव्हता. दोघींनी मिळून सरकारी आरोग्य खात्याकडं अर्ज लिहिला. माझ्या फाईलचा फोटो जोडला. खाली दोघींच्या सह्या, स्वतःच्या हाताच्या. अलकानं मला माफ केलेलं नाही. कर असं मी म्हणतही नाही.

अर्जाचं काय होईल ते मला ठाऊक नाही. आरोग्य खात्यातले साहेब म्हणतात, चौकशी होईल. चौकशीला वेळ लागतो म्हणतात. मी दुसऱ्या दोन घरी धुण्याभांड्याचं काम धरलंय. सोमवारी सकाळी मात्र कुठंच जात नाही. सोमवारी त्या दवाखान्यात बायकांची तपासणी असते, बाहेरगावच्या बायका त्याच दिवशी येतात. मी समोरच्या रस्त्यावर उभी असते. जीप थांबली, बाई उतरली की पुढं होते.

"बाई, पिशवी काढायला सांगितली का? दुसरीकडं दाखवलं का? घरच्यांनी ठरवलं का तू ठरवलंस?"

काहीजणी घाबरतात. काहींचे नवरे शिव्या देतात. एकानं हात उगारला होता. गेल्या सोमवारी एक म्हातारी मला वेडी म्हणून ओलांडून गेली, पण तिची सून मागं वळून थांबली आणि मला सरकारी डॉक्टरबाईचा पत्ता विचारला. वॉचमन येतो, माझ्याच बरोबरीनं पाच वर्षं काम केलेला. म्हणतो, "साहेब कॅमेऱ्यातनं बघत्यात. जा ना गं घरी." मी त्याला सांगते, पायरी तुझ्या साहेबाची. रस्ता कुणाच्या बापाचा नाही.

बघू दे त्यांना. त्यांना दर सोमवारी दार उघडावं लागतं. मीही दर सोमवारी तिथं असणार.